खांदा माझा, चिठ्ठी कुणाची?

१३ जानेवारी, मंगळवार

नाही दिली चिठ्ठी!

सरळ मागितली होती. म्हटलं, डॉक्टरसाहेब, उजवा खांदा आखडून वर्ष होत आलं. तुमच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. त्यानं साखर तेवढी वर गेली, हात काही वर गेला नाही! दौंड रस्त्याला ती फिजिओथेरपीवाली मुलगी आलीय, निकिता. तिच्याकडे जाते, चिठ्ठी द्या.

हसले. "बाई, शुगर आहे, वय आहे. आता काय कुस्ती खेळायचीय का? लागेल तेव्हा मी सांगीन की."

कुस्ती नाही खेळायची. झंपर घालायचाय! रोज सकाळी आरती — माझी सून — माझा हात धरून बाहीत घालते, लहान पोराचा घालतात तसा. मी भिंतीकडे बघते.

हे शेजारीच बसले होते. दोघं जुने मित्र. निघताना डॉक्टर ह्यांना म्हणाले, "आप्पासाहेब, बाईंना जरा आराम करू द्या." ह्यांनी मान डोलावली. दुखतंय मला आणि बोलणं दोघांचं!

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला बायका आल्या. ज्या उंच, त्यांना वाकायला सांगावं लागलं. शेजारची राहीबाई म्हणाली, "बाई, तुमी बसा, आमी लावतो." प्रेमानं म्हणाली. मला लागलं. काष्टीच्या शाळेत निम्मं गाव ह्या हातानं फळ्यावर काढलेली अक्षरं गिरवून शिकलंय.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेले! एकटी. ह्यांना न सांगता. पिशवीत जुना एक्स-रे आणि साखरेचे रिपोर्ट.

छोटा गाळा. एक पलंग, भिंतीला दोरी-कप्पी, वर डिग्री आणि नोंदणीचं प्रमाणपत्र. निकिता पारनेरची, माझ्या मुलीपेक्षाही लहान. मला बघून उठली आणि पहिलं वाक्य —

"काकू, चिठ्ठी?"

"नाही."

"मग नाही जमणार हो."

"असं कायद्यात आहे का?"

तिनं दाराबाहेर बघितलं. म्हणाली, "मी तरी कुठं वाचलेलं नाही, काकू. भीतीत आहे."

डॉक्टरांनी तिला बजावलंय म्हणे: माझ्या चिठ्ठीशिवाय एकालाही घेतलंस तर माझा एकही पेशंट तुझ्याकडे येणार नाही. आणि गाळा त्यांच्या मेव्हण्याचा.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, खांदा माझा, दुखतं मला, तू शिकलीस कशाला मग? आता बघ, नाही तर मी इथून उठत नाही. येईल त्याला विचारते, चिठ्ठी आणली का बाबा?

हसली ती. दार लोटलं. लगेच हात नाही लावला. आधी प्रश्नच प्रश्न. पडला होता का, छातीत दुखतं का, वजन उतरलंय का, बोटांना मुंग्या येतात का. एक्स-रे उजेडाला धरून बघितला. म्हणाली, "माझ्या हातातलं नसेल तर मीच तुम्हाला डॉक्टरांकडे धाडीन. पण हे माझ्या हातातलं आहे. लगेच नाही सुटणार. आणि दुखेल."

दुखलं! आई गं, काय दुखलं! पण खोटं नाही बोलली पोरगी.

२२ जानेवारी, गुरुवार

दुखतंय. जातेय.

२७ जानेवारी, मंगळवार

ह्यांना कळलं. डॉक्टरांचाच फोन. जेवता जेवता भडकले.

"गावात माझी काय इज्जत राहिली? तो म्हणतो, सुरुवात तुमच्याच घरातून झाली!"

"खांदा कुणाचा दुखतो?"

"विषय खांद्याचा नाही!"

"माझा तोच आहे."

ताट सरकवलं. मग एक बोलले ते मात्र डोक्यात राहिलं. "उद्या आत काही भलतंच निघालं तर त्या पोरीला कळणार आहे का? डॉक्टर उगाच म्हणतो का?" प्रश्न वाईट नाही. पण मग वर्षभर डॉक्टरांनी तरी खांद्याला हात लावून कुठं बघितलं? लांबूनच लिहून देत होते!

३० जानेवारी, शुक्रवार

आज बाहीत हात माझा मी घातला. निम्मा. उरलेला आरतीनं ओढला. दोघी हसलो.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

राहीबाईला मीच घेऊन गेले. कांदा लावताना कंबर धरली, चार दिवस वाकून चालत होती. डॉक्टरकडे जा म्हटलं तर "न्हाई बाई, तिथं उगं बोलत्यात." माझ्याबरोबर मात्र आली.

निकितानं तिला पलंगावर झोपवलंसुद्धा नाही. उभ्यानंच विचारत होती. पाय जड वाटतो का? बसायच्या जागेला बधिर वाटतं का? मग हळूच — "मावशी, लघवी लागलेली कळते का?"

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. "कालपासनं कळत न्हाई. लाजंनं बोलले न्हाई कुनाला."

निकिताचा चेहराच बदलला. म्हणाली, हे माझं काम नाही. मणक्यातली नस दबलीय असं वाटतंय. आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. कागद ओढून चिठ्ठी लिहिली. हो, तिनं! डॉक्टरांना! मोठ्या दवाखान्यात फोन लावून सगळं सांगितलंही. राहीबाईचा नवरा सहादेव पिकअप घेऊन आला, मागं गादी टाकली, निघाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

राहीबाईचं ऑपरेशन झालं. पाय हलवते. सहादेव फोनवर रडत होता. "उशीर केला आसता तर खाटंवर पडली आसती म्हनले मोठे डाक्टर."

चहा देताना ह्यांना म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ना, तिला कळेल का? कळलं.

ह्यांनी पेपर वर धरला. उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

९ फेब्रुवारी, सोमवार

गाळ्याला कुलूप! पलंग रस्त्यावर, दोरी-कप्पी पलंगावर, आणि निकिता पायरीवर. मालकानं तिला सकाळी बाहेर काढलं. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

"पारनेरला जाते परत, काकू. कंटाळले."

"टेम्पो बोलाव."

"पारनेरला?"

"आमच्या घरी!"

पुढची खोली माझ्या पगारातून बांधलेली, जागा माझ्या नावावर. बसतात मात्र ह्यांचे मित्र. शनिवारी बैलबाजार उरकला की डॉक्टरसुद्धा तिथंच पाय पसरतात. चहाचे कप आरती उचलते. आज मी दिवाणाचं एक टोक धरलं. डाव्या हाताला झेपेना. आरतीनं काही न विचारता दुसरं टोक धरलं. "आई, सरका तिकडं." दिवाण मागच्या पडवीत!

हे मळ्यातून आले. दारातच उभे.

"काय चाललंय हे?"

"दवाखाना."

"कुणाला विचारून?"

"का? तुमचीही चिठ्ठी लागते?"

निकिता घाबरून बाहेर जायला निघाली. मी तिचा हात धरला. हे तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "एक तर ही पोरगी राहील, नाही तर मी."

१० फेब्रुवारी, मंगळवार

खोटं कशाला लिहू — भीती वाटली. माणूस वाईट नाही. नोकरीच्या सुरुवातीला पोटुशी असताना वाडीवरच्या शाळेतून रोज सायकलवर आणायला यायचे, चढाला उतरून ढकलत न्यायचे मला. तोच माणूस. तेव्हाही बायकोला नोकरी करू देतो म्हणून गाव त्यांना हसत होतं. तेव्हा त्यांनी गावाला जुमानलं नाही. आता डॉक्टरांसमोर मान खाली जाते म्हणतात. मला कळतं ते. पण ह्या वयात हात वर जायला लागलाय माझा! तो कुणाची मान वर राहावी म्हणून पुन्हा खाली घेऊ?

दुपारी सहा पेशंट होते. सातवी एक म्हातारी श्रीगोंद्याहून आली. कुणाला काही सांगावं लागत नाही. सगळं आपोआप पसरतंय.

ह्यांनी बॅग खाली काढलीय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे सकाळच्या एसटीनं गेले. ज्ञानेश्वरीकडे, पुण्याला. लेकीला काय सांगितलं माहीत नाही. परत कधी, तेही बोलले नाहीत. बीपीची गोळी विसरत होते, ती मी बॅगेत टाकली. फाटकापर्यंत मी सोडायला गेले. थांबा म्हणाले नाही.

मागं फिरले तर ओट्यावर दोन बायका. एकीनं विचारलं, "चिठ्ठी लागती का वो?"

म्हटलं, आत या.