टेबलावरची गाठ

६ मे, तळेगाव

मुखपृष्ठ मिळालं! वडिवळ्याच्या वरच्या वाडीत गेले होते. हिरड्याच्या खोडाला तिथल्या सरूबाईनं बांधलेली वाखाच्या दोरीची गाठ. ज्याला मधाचं पोळं आधी दिसलं त्यानं गाठ बांधायची – मग मध पिकेपर्यंत दुसरं कुणी हात लावत नाही. ना पाटी, ना पोलीस! माझ्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण या गाठीवरच उभं आहे: बरंवाईट माणसाला उपजतच कळतं, कायदा मागाहून येतो.

झाडावर फोटो धड येईना. सोडून घरीच आणली. एवढीशी तर गाठ.

९ मे

सरूबाईचा फोन. "बाई, लय वंगाळ झालं. माज्या पोळ्याचा मध नवसूनं काढला. झाडाला गाठ बी न्हाई!" नवसू तिचा पुतण्या, दोन मुलींचा बाप. पंचांनी ठरवलं – वर्षभर त्याच्यासोबत कुणी रानात जायचं नाही. एकट्यानं घर चालेल एवढा मध निघत नाही. म्हणजे पोटावरच पाय.

गाठ माझ्या टेबलावर, प्रुफांशेजारी. आणि मी काय बोलले? "अरेरे!" शी!

१० मे

पुस्तकातलं विवेकाचं प्रकरण तपासलं. दोन अनुस्वार सुधारले.

११ मे

आज जायचंच होतं. पण प्रकाशकांकडची चैताली म्हणाली, "मॅडम, मुखपृष्ठ छपाईला गेलं. काय सुंदर झालंय!" हुरळले. राहिलंच जायचं. राहिलं कसलं – मी गेले नाही! तीस वर्षं पोरांना नीतिशास्त्र शिकवलं, आणि एका म्हातारीसमोर उभं राहायची भीती वाटते. लाज वाटते स्वतःची. उद्या म्हणजे उद्या.

१२ मे

गेले. सरूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. गाठ पुढ्यात ठेवली. रडूच आलं. "मावशी, ही मी सोडली. नवसूला मोकळं करा, दंड मला करा."

"ठावं हाय. नवसूनं पायलं व्हतं तुमाला सोडताना. मागनं त्यानंच सांगितलं पंचास्नी."

"मग त्याला शिक्षा का?"

"गाठ व्हती ह्ये त्याला म्हाईत व्हतं की! तरी बी काढला."

"आणि मला?"

ती हसली. अगदी मायेनं. "तुमाला कसला दंड, बाई? बैलानं आंग घासून गाठ तोडली, तर बैलाला कोन जाब इचारतं?"

मग चहा टाकला तिनं. मी प्यायले.