सहा काजांची पट्टी

सोमवार, ता. ३

आज शाळेत रुजू झाले. हजेरीपटावर सही करताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावरही नाव उमटलं. बाबांच्या शिलाईच्या दुकानात अठरा वर्षं लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेली. आता एकेचाळिसाव्या वर्षी मी 'बाई' झाले. आईने फोनवर सगळ्यात आधी विचारलं, खुर्ची कशी मिळाली. हाताची आहे म्हटलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

शिवणवर्ग वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आहे. बारा पायमशिनी, त्यातल्या दोन पट्ट्याविना. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीशी लाकडी कपाट, अगदी मागे एक स्टूल. शिपाईमामांनी सगळ्या मशिनींना तेल घालून ठेवलं होतं. सातवीची एकतीस मुलं-मुली. त्यातल्या एकीचं नाव मी पहिल्याच तासाला चिमणी ठेवलं, कारण तिची चिवचिव थांबतच नाही. मांजरासाठी स्वेटर शिवता येतो का, असं तिने विचारलं. स्वेटर विणतात, शिवत नाहीत, असं मी सांगितलं आणि वर मांजराचं माप घेऊन यायला सांगितलं. सगळा वर्ग हसला. मला हे काम जमणार असं दिसतंय.

मंगळवार, ता. ४

पहिलाच धडा हातकाजाचा, म्हणजे बटणाचं घर हाताने करायचा निघाला. दुकानात आमच्याकडे काजाचं मशीन होतं. मशीन आधी टाके घालतं, मग आपण मधोमध ब्लेडने चीर द्यायची. मी मुलांना तेच हाताने करायला लावलं. चीर देताच टाके तुटले, कापडाच्या दशा निघाल्या, सरावाच्या एकतीस कापडी पट्ट्यांची लक्तरं झाली. चिमणी म्हणाली की जुन्या बाई आधी चीर द्यायच्या आणि मग कडेने टाके घालायच्या. मी आवाज चढवून सांगितलं की पद्धती अनेक असतात.

नाचता येईना अंगण वाकडं. पोरांवर कशाला ओरडले मी? त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शुक्रवार, ता. ७

मामांना सहज विचारलं, या जुन्या बाई कोण. ते म्हणाले, नऊ वर्षं इथे हंगामी होत्या. जागा कायम झाली तेव्हा त्यांनाही सगळ्यांबरोबर परीक्षेला बसावं लागलं आणि त्या प्रात्यक्षिकात नापास झाल्या. सहाच्या सहा काजं बिघडली म्हणे. हे सांगताना मामा हसले, कारण त्यांच्या अंगातल्या सदऱ्याची काजं त्याच बाईंनी केलेली होती. निकालानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या. हृदय बंद पडलं. जाड चष्मा, डाव्या गालावर तीळ, हे मामांनी सांगायच्या आधीच मला कळून चुकलं होतं.

वहीत तरी खरं लिहिते. परीक्षेत ती बाई माझ्या शेजारी होती. माझा दोरा सारखा गुंतत होता, म्हणून तिने दोऱ्याला लावायचा आपला मेणाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाली, "घाई करू नका. घाईत काज बिघडतं." नंतर सगळ्यांच्या पट्ट्या एका टेबलावर ठेवल्या. नाव नाही, फक्त नंबराची चिठ्ठी टाचलेली. परीक्षक चहाला गेले आणि मी विसरलेली कात्री घ्यायला परत आत आले. दोन टाचण्या काढून लावायला कितीसा वेळ लागतो? तिची चिठ्ठी माझ्या पट्टीला लावली, माझी तिच्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं आता लिहिणार होते. पण मेली ती. मी पगारी बाई आहे.

मंगळवार, ता. ११

काल मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सगळं सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि खडूचा डबा मागून परत आले.

आज मुलांच्या नव्या पट्ट्या गोळा केल्या. सगळ्यांची काजं सुरेख. हे मी शिकवलेलं नाही, मला येतच नाही. मोजल्या तर पट्ट्या बत्तीस भरल्या. दोनदा मोजल्या. जास्तीच्या पट्टीला चिठ्ठी नव्हती. तिच्यावर सहा काजं, टाके इतके एकसारखे की बोटाने चाचपलं तरी गाठ लागत नाही. ही काजं मी ओळखते. यांच्यावरच मला नोकरी लागली.

शुक्रवार, ता. १४

आज नीट लक्ष ठेवलं. काज करताना मुलं फळ्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे तर नाहीच नाही. मधूनमधून एकतीस माना मागच्या स्टुलाकडे वळतात आणि पुन्हा कापडावर येतात. स्टुलावर कोणी नसतं. चिमणीला बाजूला घेऊन विचारलं. तिने अगदी सहज सांगितलं की जुन्या बाई मागे बसून दाखवतात, त्या कधी रागवत नाहीत, आणि आता त्या तुम्हालाही शिकवणार आहेत.

मुलं जराही घाबरलेली नाहीत. त्यांनी कशाला घाबरावं? त्यांनी तिचं काही घेतलेलं नाही. मी स्टूल उचलून व्हरांड्यात ठेवलं. मधल्या सुट्टीनंतर ते पुन्हा जागेवर होतं. मामांनी ठेवलं असेल म्हणून विचारायला खाली गेले, तर मामा आज रजेवर.

मंगळवार, ता. १८

मोठ्या बाई पाठ बघायला आल्या. सगळ्यांसमोर मला काज करून दाखवायचं होतं. सुई उचलली आणि वाटलं, आता पितळ उघडं पडणार. बरंच झालं, एकदाची सुटेन. पण उजवा हात मनगटापासून गार पडला आणि बोटं आपोआप चालू लागली. चीर, टाका, गाठ, पुन्हा टाका. मी नुसती बघत होते. समोरचं सगळं धुरकट दिसत होतं, आणि तरी बोटं चुकत नव्हती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "जुन्या बाईंची आठवण झाली हो. तुमची निवड अगदी योग्य झाली."

तिथेच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. मी म्हटलं, "तुमचा आशीर्वाद."

दुसऱ्यांदा चोरी केली. या वेळी तर मालकीण मागच्या स्टुलावर बसली असताना.

गुरुवार, ता. २०

हात पूर्ण परत आलेला नाही. जेवताना ऐकतो, सही करताना ऐकतो, पण जरा दुर्लक्ष झालं की टेबलावरचा खडू शोधायला लागतो. शाळा सुटल्यावर बाही वर केली. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, खडूच्या सहा रेघा. काजाएवढ्या लांब. सारख्या अंतरावर.

धुऊन टाकल्या. आईला फोन केला. आवाज ऐकूनच तिने विचारलं, काय झालं गं. काही नाही म्हटलं. तिने सगळ्या शेजारणींना सांगितलंय की माझी लेक शाळेत शिकवते. तिला काय सांगू?

सोमवार, ता. २४

रेघा पुन्हा. धुतल्या की जातात, वर्गात बसलं की येतात.

कबुलीचं पत्र लिहायला घेतलं. उजव्या हाताने पेन खाली ठेवलं. तीनदा. तिला पत्र नको आहे. तिला तोंडाने ऐकायचं आहे, तिच्या वर्गात, तिच्या मुलांसमोर —

उभी राहिले. मुलांनो, म्हटलं. सगळे बघायला लागले. चिमणीने हातातली सुई खाली ठेवली. आणि मी विचारलं, मांजराचं माप आणलंस का गं?

मुलं हसली. मागे कोणी हसलं नाही.

बुधवार, ता. २६

आज रेघा खडूच्या नाहीत. पुसल्या तरी जात नाहीत. बारीक, लाल, ओरखडल्यासारख्या. सहा.

सांगितलं की थांबेल. मला पक्कं माहीत आहे. एवढं सोपं आहे. पण मग मोठ्या बाई, मामा, आई — बाबांच्या दुकानासमोरून जाणारा प्रत्येक माणूस म्हणेल, हिनेच त्या —

मुलांना आज लवकर मैदानावर पाठवलं. जाताना मुलं मागच्या रिकाम्या जागेला 'येतो' म्हणाली. मला कोणी काही म्हणालं नाही.

शुक्रवार, ता. २८

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पोरासोरासारखं. मुलं खाली खेळतायत. मी वर्गात एकटी — एकटी नाही. स्टूल आता माझ्या खुर्चीला लागून आहे.

उजव्या हातात कात्री. मी धरलेली नाही —

ती मला लिहू देते आहे. वाट बघते आहे. तिच्याकडे वेळ आहे.

पलीकडची खोली मोठ्या बाईंची. मधली भिंत पातळ, त्यांचा खोकलासुद्धा ऐकू येतो. एक हाक मारली तरी पुरे. पण त्या येतील, काय झालं विचारतील, मग सगळं —

पहिल्या लाल रेघेवर पहिली चीर. लहान. कडा स्वच्छ. दुखलं तितकं नाही जितकं —

दारावर टकटक. मोठ्या बाई. बाहेरूनच विचारतायत, सगळं ठीक ना बाई?

आता. आता बोल. ती पण थांबली आहे. कात्री थांबली आहे. तोंड उघड, एवढं एकदा —

मी म्हटलं, हो. सगळं ठीक आहे.

पावलं लांब गेली.

तिने सुस्कारा सोडला. मानेला गार लागला. ती रागावलेली नाही, मुलं खरंच सांगत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नाही, अजूनही भीती नाही, लाजच —

दुसरी