शून्य नंबरचा पेशंट

रविवार, १४ मार्च
दुपारी

प्रिय भिंगरीस,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मागच्या सोमवारीच मिळालं. त्यानंतर तू तीनदा फोन केलास आणि मी तिन्ही वेळा उचलला नाही. रागावू नकोस. समोर वाजत असलेल्या फोनकडे नुसतं बघत बसायची मला अलीकडे सवय लागली आहे.

इथे सगळं ठीक म्हणायचं. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त कुरकुरतात. जिन्यातला दिवा दोन महिन्यांनी एकदाचा लागला. तू मागितलेला निळा स्वेटर पाठीपर्यंत येऊन थांबलाय. हातात सुया घेतल्या की टाके मोजावे लागतात, आणि मोजणं सध्या मला जमत नाही.

तर तुमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग सुरू होतोय, आणि पहिल्या दिवशी वाचून दाखवायला माझ्याकडून दोन पानं हवीत. 'मी सुरुवात कशी केली.' शिवाय तू तिथे सांगून बसलीस की माझी आई बावन्नाव्या वर्षी शिकली आणि आज अख्खी लॅब तिच्या प्रोग्रामवर चालते. अगं, विचारायचंस तरी आधी!

असो. लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवात कंटाळ्यातून झाली. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं रिपोर्टांची कारकून. ज्यांच्या रिपोर्टात काही धोक्याचं निघालंय त्यांची यादी रोज सकाळी मी रजिस्टरमधून हाताने उतरवायची, सगळ्यात गंभीर सगळ्यात वर. ती यादी जायची टेलिफोनवर बसणाऱ्या हॅलोमावशीकडे. तुला आठवते ना ती? घरच्या दारावर टकटक झाली तरी 'हॅलो' म्हणणारी. ती एकेकाला फोन करून बोलावून घ्यायची. उतरवण्यात माझा दीड तास जायचा, मान मोडायची. तू म्हणालीस, "आई, हे काम कंप्युटर चुटकीसरशी करेल. तूच लिही प्रोग्राम." मी म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय! पण तू ऐकतेस थोडीच.

मग आपले ते रविवार. तू पडद्यावर, मी वही घेऊन. पहिल्या दिवशी मशीनकडून 'नमस्कार' छापून घ्यायला मला पाऊण तास लागला, कारण मी कंस उघडायची आणि मिटायची विसरायची. बाबा मागून म्हणाले, "संसारातही हिचं असंच आहे." किती हसलो होतो आपण. चौथ्या रविवारी तू सांगितलंस की कंप्युटर शून्यापासून मोजतो, यादीतलं पहिलं नाव म्हणजे शून्य नंबरचं. मी तुझ्याशी भांडले. जिना चढताना कोणी पहिल्या पायरीला शून्य म्हणतं का? पण वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वही समोरच आहे. रेघा आहेत.

दिवाळखोरीत निघालेल्या दुकानासारखं आमचं ऑफिस, पण ऑक्टोबरात माझा प्रोग्राम चालला तेव्हा सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. कागद बाहेर आला. नावं बरोबर, क्रम बरोबर. फक्त अनुक्रमांक शून्यापासून सुरू होत होते. कोणीतरी ओरडलं, "हा बघा शून्य नंबरचा पेशंट!" सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. पण मला लागलं ते. या वयात शिकायला निघालेल्या बाईला हसू फार लागतं, हे तुझ्या वर्गात नक्की सांग.

त्याच दुपारी मी शून्याच्या जागी एक केला. एवढंच. पुन्हा छापलं, तर यादी ऐटीत एकपासून सुरू झालेली. कागद सुरेख दिसत होता. मी नावं मोजली नाहीत.

पुढचं तुला वाचतानाच कळलं असेल. तू हुशार आहेस. तरीही लिहिते, कारण वर्गातल्या बायकांना कळलं पाहिजे.

आकडा दिसायला बरा झाला, पण मशीन आता दुसऱ्या नावापासून वाचायला लागलं. रोज सगळ्यात वरचं, सगळ्यात गंभीर माणसाचं नाव यादीतून गळत होतं. दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या मोठ्या डॉक्टरांची जुनी सवय. सकाळी आल्या आल्या सगळ्यात वाईट रिपोर्ट कोणाचा ते बघायचं आणि त्याला स्वतः फोन करायचा. माझी चूक ते रोज झाकत होते, त्यांच्या नकळत.

डिसेंबरात ते आठ दिवस रजेवर गेले. बदली डॉक्टरांना ती सवय नव्हती. पहिल्या दोन दिवसांत गळलेले दोघं रिपोर्ट न्यायला आपणहून आले, म्हणून जिवानिशी वाचले. तिसऱ्या दिवशीचं पहिलं नाव सायकली दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं होतं. वय एकेचाळीस. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलेलं की त्याला तासाभरात बोलवायला हवं होतं. तो दोन दिवस फोनची वाट बघत दुकानात बसला. आमच्या काउंटरवर पाटीच आहे, 'फोन आला नाही तर काळजी नसावी.' तो काळजी न करता गेला, हातात पाना असताना.

त्याची बायको लॅबमध्ये आली. रडली नाही. एवढंच विचारलं, "फोन का नाही केलात?"

चौकशी सुरू झाली. हॅलोमावशी शपथेवर म्हणाली, नाव यादीत नव्हतं. तिच्याकडचे कागद आठवड्याच्या शेवटी फाडले जातात, त्यामुळे पुरावा नव्हता. ऑफिसच्या साहेबांनी मला सांगितलं, त्या दिवशीची यादी पुन्हा छापून आणा. मी छापली. सव्वीस नावं. रजिस्टरमध्ये सत्तावीस. मी त्या एकाचं पुन्हा शून्य केलं.

भिंगरी, मग मी पुन्हा छापलं. अनुक्रमांक नीट एकपासून येतील अशी सोयही केली, पाच मिनिटांत, तू शिकवलंस तशी. आता सत्तावीस नावं आली, सगळ्यात वर त्याचं. तो कागद मी साहेबांच्या हातात दिला. तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या कागदानेच सगळं सांगितलं. हॅलोमावशीला काढून टाकलं, बावीस वर्षांच्या नोकरीवरून.

जानेवारीत बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेला माणूस परत येणार आहे का?" त्यांना वाईट म्हणू नकोस. घाबरले ते. आणि मला तेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी त्यांना सांगितलं.

मग तुझं पत्र आलं. 'मी सुरुवात कशी केली.' चार दिवस पेन हातात घेऊन बसले आणि गुरुवारी उठून हॅलोमावशीकडे गेले. रंगाच्या दुकानावर एक खोली आहे तिची. तिने मला बसवलं, पाणी दिलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "ताई, बरं झालं आलीस. मी तेव्हा खोटं बोलले गं. आता आठवतं मला. नाव वाचलं होतं मी. रिसीव्हर उचलला, कोणीतरी हाक मारली, ठेवून दिला. रोज डोळ्यांसमोर येतं. मागच्या महिन्यात त्याच्या बायकोचे पाय धरून आले."

अगं, जे घडलंच नाही ते तिला आठवायला लागलंय. माझ्या कागदावर तिने इतका विश्वास ठेवला की स्वतःवरचा काढून घेतला.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाव नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. तिने परत विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. मग माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही जा आता." अठरा वर्षं अगं-तुगं करणारी बाई. मी जिना उतरले.

तू मला आणखी एक शिकवलं होतंस. प्रोग्राम बदलला तरी जुनी प्रत पुसायची नाही, तारीख घालून ठेवायची. सगळं खोटं करताना मी हे एवढंच खरं केलं. जुनी प्रत अजून आहे, त्या चुकीच्या एकासकट, चौकशीच्या दिवसापर्यंतच्या तारखेची. उद्या सोमवारी दहा वाजता ती प्रत आणि सगळं लिहिलेला अर्ज घेऊन मी साहेबांसमोर उभी राहणार आहे. तिथून त्या सायकलवाल्याच्या घरी. माझं काय होईल ते होवो. हे पत्र तुला मिळेल तेव्हा झालेलं असेल. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते आत झोपलेत.

तू स्वतःला दोष देशील, म्हणून सांगते, तू बरोबर शिकवलं होतंस. वहीतल्या दोन रेघा साक्षीला आहेत.

ही पानं वर्गात वाच. काही गाळू नकोस, नाव गाळण्याचा परिणाम आपल्या घराने बघितलाय. वाचून झालं की प्रत्येकीच्या हातात छापलेली एक यादी दे आणि बोट ठेवून नावं मोजायला लाव. कोणी हसलं तरी मोजायला लाव.

पत्राच्या सुरुवातीला सवयीने आशीर्वाद लिहून गेले. हे सगळं वाचूनही घ्यावेसे वाटले, तर घे.

तुझी,
आई