ह्यांना काय काय ऐकू येतं

बुध., १८ फेब्रु. १९८७

ह्यांचा ऑफ. पोळी-भाजी डब्यात भरून भिलाईबाहेर कुरुदच्या तलावावर. स्कूटरवर तिघं. शुभा पुढे उभी राहायची ते दिवस गेले, आता तिला तेरावं लागलंय. ती मध्ये बसते आणि मी मागे अर्धी हवेत.

बेशरमाच्या झुडपात एक पक्षी दिसला. काळा-निळा, अंगठ्याएवढा. नाव माहीत नाही. एवढ्याशा जिवाने तलाव डोक्यावर घेतला होता. शु. म्हणे, "मम्मी, ये तो किसीको डाँट रहा है." हे त्याच्याकडेच पाहत होते, चार हातांवरून. मी म्हटलं, किती ओरडून राहिला पाहा. तर म्हणाले, "कोन?" मी बोट दाखवलं. "चोच हालवून राहिला फक्त." मग आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहून, "हो हो, ओरडते ना."

शु.ला वाटलं पप्पा गंमत करतात. मलाही तसंच वाटलं. आता लिहिताना वाटत नाही.

शुक्र., २० फेब्रु.

टेबलावरचं घड्याळ ह्यांनी कानाला लावलं, म्हणाले "बंद पडलं वाटते", आणि किल्ली द्यायला लागले. किल्ली फिरेना, कारण सकाळीच पूर्ण दिलेली. सेकंदकाटा आपला फिरत होता. मी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले.

रवि., २२ फेब्रु.

तपासणी सुरू केली. ह्यांना न सांगता. लाज वाटते, पण बाबा लहानपणापासून म्हणत आले की या पोरीच्या डोक्यात किडा आहे. आहेच.

कुकरची शिट्टी (पाठमोरे, पेपर वाचताना) : नाही.
बांगड्या, कानापासून हातभर : नाही.
दाराची कडी : हो.
चमचा पाडला : नाही.
परात पाडली : हो. "काय फोडलं आता?" परातीला पोचा आला, तो माझ्या कर्माने.
प्लांटचा भोंगा : तो मेलेल्यालाही येईल, मोजला नाही.

बुध., २५ फेब्रु.

रुआबांध्याच्या पुढे, मातीच्या रस्त्याने. पळस फुललाय, झाडावर पान म्हणून नाही. दर वर्षी ठरवतो पाहायला जायचं आणि दर वर्षी नुसता वाळलेला पळस पाहून येतो. या वेळी साधलं. शु.ने ओंजळभर फुलं वेचली, होळीच्या रंगासाठी उकळणार म्हणे.

मी माझी कामं करत होते. होला घुमला : हो, मान वळवली. कोकीळ : अर्धी. वरचा सूर जातो तेव्हा ह्यांच्यासाठी ती गप्प होते बहुतेक. गवतातले किडे : नाही. ते कधी सुरू झाले आणि कधी थांबले, ह्यांना पत्ता नाही.

आणि मुख्य शोध. समोर असले की सगळं ऐकतात, कारण ओठ पाहतात. पाठीमागून तीनदा हाक मारली, वळले नाहीत. चौथ्यांदा मारवली नाही.

तरी दिवस छान गेला. येताना टपरीवर गरम भजी. हे शु.ला चिडवत होते, तीही उलट बोलत होती, सगळं समोरासमोर बसून. बघणाऱ्याला काय कळणार.

रवि., १ मार्च

भाजी निवडताना हात थांबला. स्कूटर.

बारा वर्षं ह्यांच्याशी जे काही महत्त्वाचं बोलले ते स्कूटरवर मागे बसून. घरात शु., सासरचे पाहुणे, भिंतीला भिंत लावून शेजार. स्कूटरवरच काय तो एकांत. हे दर वेळी म्हणायचे "हूं".

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा सुपेल्याच्या बाजारातून येताना विचारलं होतं, तुमसरला बाबा दादाकडे एकटे पडलेत, उन्हाळ्यात दोन महिने इकडे आणू का? "हूं" म्हणाले. नंतर विषयच काढला नाही. मी समजले, नको आहे. दोन वर्षं मनात धरून बसले. मागच्या दिवाळीला ह्यांच्या आईचं सगळं केलं, पण दात-ओठ खाऊन.

ऐकूच गेलं नसेल तर?

बुध., ४ मार्च

बागेत, आंब्याखाली. मोहर एवढा की खालची माती चिकट झालेली. शु.ला झोक्याकडे पिटाळलं. ह्यांच्या समोर बसले, उजेड तोंडावर येईल अशी.

"बाबाले इकडं आनू म्हनलं होतं, आठवते?"

"कधी?"

"सुपेल्याहून येताना. स्कूटरवर."

बराच वेळ शेंगा सोलत राहिले, खाल्ली एकही नाही. दाण्यांचा ढीग झाला तेव्हा म्हणाले, "स्कूटरवर मले काईच आयकू येत नाई. तीन वर्सं झाले."

"मंग हूं कावून म्हनता?"

"तू बोलून राहिली हे पाठीले समजते. हूं नाई म्हनलं तर तू गप होशील."

राग यायला हवा होता. रडूच आलं. हे बावरले, सगळे दाणे माझ्या पदरात टाकले.

मग एकेक निघालं. सतरा वर्षं स्टील प्लांटच्या मिलमध्ये वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवतात. कानात घालायचे बोळे मिळालेले, ते खिशात राहिले. घातले की घाम येतो म्हणे. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. आता ८ एप्रिलला मेडिकल आहे. कानात नापास तर क्रेन गेली, खाली कुठेतरी स्टोअरमध्ये टेबल. "टेबलावर बसून मी काय करू? कोनाले सांगू नोको."

बाबांना पत्र टाकायला मात्र लगेच हो म्हणाले. "आजच टाक," म्हणाले.

शनि., ७ मार्च

बाबांना कार्ड टाकलं. दोन ओळींत काय लिहायचं ते कळेना. दोन वर्षं का बोलावलं नाही, ते लिहिलं नाही.

मंगळ., १७ मार्च

काल रंग. पळसाच्या पाण्याने शु.चा फ्रॉक केशरी, बाकी कोणावर चढला नाही. मनराखन आला होता. ह्यांच्या क्रेनखाली उभा राहून इशारे देणारा खलासी, आठ वर्षांची जोडी. वर लोखंड लटकत असतं आणि खाली हा. अनरसे खाल्ले, ह्यांच्या गालाला गुलाल फासला. हे पाणी आणायला आत गेले तेव्हा मला म्हणाला, "सीटी तो साल भर ले नइ बजावंव, भौजी. गमछा हला देथंव. भैया आँखी ले सुनथे."

म्हणजे ह्याला वर्षभर माहीत. शिट्टी सोडून तो गमछा हलवतो, कारण ह्यांना डोळ्यांनीच ऐकू येतं. आणि हे त्याने ह्यांनासुद्धा कधी बोलून दाखवलेलं नाही. मी त्याला आणखी दोन अनरसे वाढले, दुसरं काय करणार.

जाताना उंबऱ्यात सांगितलं की पाडवा झाला की त्याची बदली. दुसऱ्या मिलमध्ये. नवा माणूस येईल.

नवा माणूस शिट्टीच वाजवणार.

बुध., १८ मार्च

ऑफ. कुठे गेलो नाही, भांडलो. भांडणसुद्धा आता तोंडासमोर उभं राहून करावं लागतं. मला सवय पाठ फिरवून भांडी आपटत बोलायची. ते सगळं वाया.

मी : "डॉक्टरले आपून होऊन सांगा."

हे : "झाकली मूठ सवा लाखाची."

मी : "मुठीखाली मानूस उभा रायते, त्याचं काय?"

वळून पाहते तर शु. दारात. सगळं ऐकलं होतं. दप्तर ठेवलं, पप्पांच्या शेजारी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिथेच.

बुध., २५ मार्च

सकाळी उठून पाहते तर हे आधीच तयार. "चाल, मोहफुलं पाहू." भांडणानंतर आठवडाभराने हे पहिलं धड वाक्य.

हथखोजच्या पलीकडे, कारखाने संपतात तिथे शेताच्या बांधावर तीन मोहाची झाडं. खाली जमीन झाडून स्वच्छ केलेली, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. आम्ही बाजूला बसलो. फुलं एकेक पडत होती, टपोरी, पिवळट. एका बाईने शु.ला मूठभर दिली. शु.ने एक चाखलं आणि तोंड असं केलं की बाया हसून हसून बेजार. पुढची चार मात्र तिनेच खाल्ली.

हे वर पाहत होते. मग माझ्याकडे वळून, "पडते तवा आवाज येते का?"

"येते."

"कसा?"

काय सांगणार. टप्, म्हटलं. समाधान झालं नाही. माझा तळहात ओढून त्यावर बोट आपटलं. "असा?"

"याच्याहून हळू."

पुन्हा. "असा?"

"हो. असाच."

मग सुटलेच. मुनिया पाखरं कशी बोलतात, तिकडे बैलाच्या गळ्यात घंटा आहे ती वाजते का, वारा पानात शिरला की काय होतं. तीन वर्षं साठवलेले प्रश्न असावेत. आत्तापर्यंत तपासणी मी करत होते, आज ह्यांनी माझी घेतली. निम्म्याची उत्तरं मलाही नव्हती. कान शाबूत असून मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मुनियांसाठी शु.ने युक्ती काढली, त्यांचं बोलणं ती जाड आवाजात, बैलाच्या सुरात करून दाखवत होती. "ऐसा है पप्पा, बस थोडा पतला." टोपलीवाल्या बायांना आम्ही वेडे वाटलो असणार. एवढं हसलो नव्हतो किती दिवसांत.

मेडिकलचं नाव कोणी काढलं नाही. पंधरा दिवस उरले.

सोम., ३० मार्च

पाडवा. गुढी, श्रीखंड, कडुलिंब. बाबांचं कार्ड आलं : रामनवमी झाली की येतो, जावयाला त्रास नाही ना? ह्यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं. मग अंगणाकडची खोली रिकामी करायला घेतली, सणाच्या दिवशी, नव्या कपड्यांत.

मनराखनचा उद्या शेवटचा दिवस.

शनि., ४ एप्रिल

फर्स्ट शिफ्टहून आले ते जेवले नाहीत. मी विचारलं नाही, समोर बसून राहिले. आता तेवढं शिकले आहे.

नवा खलासी. दोन लेकरांचा बाप, हसतमुख. साखळी वाकडी बसली म्हणून सरळ करायला पुढे झाला आणि थांबा म्हणून शिट्टी वाजवली. हे दुसऱ्या बाजूला पाहत होते. नजर वळली तेव्हा त्याचे गाल फुगलेले दिसले, तोंडात शिट्टी. तेव्हा थांबवलं. लटकतं लोखंड त्याच्यापासून दीड हात राहिलं होतं. कोणाला काही झालं नाही. तो माणूस उलट वर पाहून हसला, त्याला वाटलं क्रेन थांबायला एवढा वेळ घेतेच.

"त्याले माइतच नाई," हे म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले.

मग मेडिकलचं सांगितलं. क्रेनवाल्यांतलाच एक जण युक्ती शिकवून गेलाय. कान तपासताना आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, आणि त्या खोलीला काच असते. पलीकडून आवाज सोडताना सोडणाऱ्याचा हात हलतो. हाताकडे पाहायचं आणि बटण दाबायचं. तो असाच पास झाला म्हणे.

हात पाहण्यात ह्यांच्याइतकं पटाईत कोण आहे भिलाईत. मी विचारलं नाही काय करणार म्हणून. विचारायला हवं होतं. भीती वाटली की जे उत्तर येईल ते मलाच आवडेल. मलाही क्रेन जायला नको आहे. केबिनमधून पाहिलेलं सगळं घरी येऊन सांगणारा माणूस स्टोअरमधून येऊन काय सांगेल?

बुध., ८ एप्रिल

आज. शु. शाळेत, आम्ही दोघं. हे म्हणाले होते येऊ नको, मी डबा घेऊन मागे बसले ती बसलेच. वाटेत गुलमोहराला पहिली चार फुलं. एरवी थांबलो असतो.

वजन, डोळे, रक्त. कान शेवटी. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, पण उकाड्याने दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. काचेपलीकडे हे खुर्चीवर. कानांवर काळ्या डब्या, हातात बटण. अलीकडे टेबलाशी मशीन आणि एक बाई. बाईंचा हात अगदी ह्यांच्या समोर. केबिनमधून दिसत नसेल इतका स्वच्छ.

बाईंनी चकती फिरवली, काहीतरी दाबलं. ह्यांनी त्या हाताकडे पाहिलं. पाहिलंच. मग मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

पहिल्यांदा बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा, जरा उशिरा. त्यानंतर बाई चकती फिरवत होत्या, दाबत होत्या, कागदावर खूण करत होत्या, परत फिरवत होत्या. ह्यांचा अंगठा बटणावर तसाच. चेहरा मोहाखाली होता तसा, लक्ष देऊन. एकदाही डोळे उघडले नाहीत. माझ्या मांडीवरचा डबा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

बाहेर आले. घाम पुसला. माझ्यासमोर उभं राहून, जरा मोठ्यानेच, "पहिले तीन-चार दिले बाईनं. मंग मशीन बंदच करून टाकली वाटते. उगाच बसवून ठेवलं एवढा वेळ."

मी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. भूक लागली का विचारलं. हो म्हणाले. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून जेवलो, ह्यांनी चार पोळ्या खाल्ल्या.

रिपोर्ट सोमवारी. मशीन शेवटपर्यंत चालू होती, ही गोष्ट त्याआधी मी सांगायची की सोमवारी कागदाने, ते मला ठरवता येत नाही.