उघड्या ओव्या

८ नोव्हेंबर १९९३, सेलू
आलो बुवा एकदाचा. देवगाव फाट्यावर एसटीनं ताटकळत ठेवलं, पण मन असं हलकं की वाट बघण्यातही मजा वाटली. चंद्रभान स्टँडवर न्यायला आला होता. आम्ही एकाच पाटीवर गिरवलेले दोस्त. चौथीनंतर मी छापखान्यात खिळे जुळवत जुळवत अक्षर शिकलो, तो शिकून साहेब झाला. तरी बघताच "बन्स्या, लेका पार पिकलास की!" म्हणून पाठीत धपका घातला. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेसाठी तो बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवून कॉम्प्युटरवर चढवतो. टायपिंगला माणूस हवा, म्हणून मला हाक मारली. राहायला त्याच्याच घरामागची खोली. त्याची लक्ष्मीबाई दोन वर्षं झाली बोलत नाही. दुखण्यात आवाज गेला म्हणे. बिचारीनं भाकरीचा आग्रहसुद्धा डोळ्यांनीच केला.

१० नोव्हेंबर
हे मशीन म्हणजे खणात खण आणि त्या खणात आणखी खण. प्रत्येक ओवीच्या आधी बाणाच्या टोकासारख्या दोन खुणांमध्ये गाणारणीचं नाव घालायचं, ही उघडी खूण. ओवी संपली की तेच नाव तिरपी रेघ देऊन पुन्हा घालायचं, ही मिटती खूण. चंद्रभान म्हणाला, तू फक्त उघडत जा, मिटवायला वेगळा प्रोग्राम आहे. एक प्रोग्राम तपासनीस, कुणाची ओवी उघडी राहिली ते सांगतो. दुसरा मिटवणारा. छापखान्यात पानभर खिळे तपासताना डोळे फुटायचे, इथं एंटर दाबलं की झालं!

१४ नोव्हेंबर
टेपरेकॉर्डर घेऊन गावी जाऊन आलो. चंद्रभानपुढं बाया तोंड उघडत नाहीत, पण मी घरचा. अट एकच, आधी स्वतःचं नाव सांगायचं. कासाबाई धनगरीण खळखळून हसली. म्हणाली, "नाव कशाला पायजे रे दादा, मशीनीला पोरगी द्यायचीय का माही?" पण सांगितलं, आणि गायली तर अशी की जातं थांबून ऐकावं. शेजारची सगुणाबाईही गायली.
आमचं कुटुंब मात्र अडून बसलं. जन्मात आपलं नाव आपण घेतलं नाही, आता म्हातारपणी कशाला, म्हणाली. मग मीच माइकात बोललो, ही माझी नर्मदा. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आज पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. लाजून म्हणाली, "लय चावट झालात सेलूला जाऊन." मग गायली. माझ्याच डोळ्यांत पाणी.

१६ नोव्हेंबर
तिन्ही ओव्या टाइप झाल्या. तपासनीस चालवला, तिघी उघड्या निघाल्या. चंद्रभान परभणीला गेलेला. जाताना सांगून गेला होता की कासाबाईची तेवढी मिटव. मिटवणाऱ्याचं नाव टाइप केलं तर मशीन म्हणे, सापडत नाही. एकेक खण उघडत गेलो. शेवटी 'लक्ष्मी' नावाच्या खणात तो निघाला. बायकोच्या नावाचा खण, लेकाचा जीव आहे हो तिच्यावर! तिथूनच चालवला. कासाबाईची ओवी मिटली. माझी मलाच शाबासकी दिली.

१८ नोव्हेंबर
नवल झालं. सकाळी स्वयंपाकघरातून गाणं आलं. लक्ष्मीबाईला वाचा फुटली! चंद्रभान लहान लेकरासारखा नाचत होता. मीही पेढे आणले.
पण ती "दादा, बसा" म्हणाली, त्यात धनगरी हेल होता. ही तर जिंतूरची कुळकर्ण्याची लेक.

२० नोव्हेंबर
बाजारात बिरू भेटला, कासाबाईचा मुलगा. मेंढरं विकायला आला होता. म्हणाला, "मायचा आवाज बसलाय काका. काल इंचू चावला तरी हूं की चूं न्हाई. नुसतं तोंड उघडायलीय."
खोलीवर येऊन टेप लावली. कासाबाईच्या जागी फक्त जात्याची घरघर. मधे ओवी नाही. श्वाससुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर
चंद्रभानला विचारलं. आधी हसला, मग माझे पाय धरले. दोन वर्षांपूर्वी त्यानं पहिली ओवी मिटवली ती लक्ष्मीबाईची. तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. तिचा स्वतःचा आवाज परत येत नाही, पण दुसऱ्या बाईची ओवी मिटवली की त्या बाईचा आवाज हिच्या गळ्यात उतरतो. चार-आठ दिवस टिकतो, मग विरतो. मग आणखी एक लागते.
इथल्या बाया त्याला आता दारात उभं करत नाहीत. म्हणाला, "तुझ्या शब्दावर बाया गातात, बन्सी. म्हणून तुला आणलं."
म्हणजे टायपिंग नव्हतंच. केसानं गळा कापला माझा. आणि माझ्या हातून कासाबाईचा.
नर्मदेची ओवी अजून उघडी आहे.

२२ नोव्हेंबर
तिचं नाव खोडायला बसलो. मशीन खोडू देत नाही. मिटलेली उघडणारा प्रोग्राम असेलच कुठंतरी, सगळे खण धुंडाळले, सगळ्या फ्लॉप्या — सापडत नाही, सापडत नाही. मग लाइट गेली.
लक्ष्मीबाईचा आवाज घोगरा होत चाललाय. सकाळी निम्मं वाक्य बोलली. चंद्रभान माझ्याकडे बघत होता. नजर चुकवत नव्हता, तेच वाईट.
सांगितलं त्याला, माझ्या बायकोला हात लावशील तर — तो म्हणाला, शपथ आहे पाटीची. सगुणाबाईची मिटवतो, तुझीची नाही.
आणि मी ते चालवून घेतलं. सगुणाबाईसाठीही भांडलो नाही —

२३ नोव्हेंबर, दुपार
लाइट रात्री मी झोपेत असताना येऊन गेली होती म्हणे, आता पुन्हा आली. तपासनीस चालवला.
सगुणाबाई — उघडी.
बाकी कुणी नाही.
पुन्हा चालवला. पुन्हा. फक्त सगुणाबाई —
टेप लावली. माझाच आवाज, ही माझी नर्मदा. त्यापुढं घरघर —
शपथ घेतली होती रे चंद्रभान. पाटीची —
गावी जायला हवं. जाऊन तिला काय सांगू, ती मला काय —

स्वयंपाकघरातून हाक आली. तिचीच. नर्मदेची. "अहो, ताट वाढलंय, या ना."
मी आलो म्हणून उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो —
ती हाक मला नव्हती. चंद्रभान "आलो गं" म्हणाला, आणि ती लाजून हसली, अगदी तशीच, आणि त्याला म्हणाली, लय —