लाल गाडीचं गरम तेल

८ एप्रिल

जुन्या स्पोर्ट्स कारला इंजिन ऑइलचा कूलर लागतो का? मला माहीत नाही. आज वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर भूपेंद्रभाऊंनी हेच विचारलं. "तू इंजिनेर शे ना? मग सांग!" भाऊ मूळचे धुळ्याचे. त्यांचं वर्कशॉप जळगावात आहे, पण चिडले किंवा खूश झाले की अहिराणीतच.

गाडी जीवराम नानांची. रावेरचे केळीवाले. लाल, विलायती, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी. नाना अमळनेरला कॉलेजात होते तेव्हा एका गिरणीवाल्याकडे ही गाडी पाहायचे. कॉलेज मधेच सुटलं, गाडी डोक्यातून गेली नाही. म्हातारपणी त्याच्याच शेडमधून भंगार म्हणून विकत घेतली आणि आमच्या भाऊंनी ती उभी केली.

आता चौदा मेला नातीचं, नूतनचं, लग्न आहे धुळ्याला. नाना तिला स्वतः गाडी चालवत नेणार. रावेर ते धुळे, भर मे महिन्यात! पण इंजिनातलं तेल तापतं. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की प्रेशर पडतं, आणि वाटेत प्रेशर पडलं तर इंजिन जाम. नानांनी कूलर मागवून खोक्यासकट आणून दिलाय. बसवायचा तर गाडीचा पुढचा पत्रा कापावा लागणार.

"हे दिपमाला ठरवेल," भाऊ म्हणाले. त्यांच्या हाताखालचा कुंदन लगेच — "मॅडम, कॉम्प्युटरवर सापडेल बघा." इथे आल्यापासून माझ्याकडे एस्टिमेट आणि फोन एवढंच. हे पहिलं इंजिन! चुकले तर परत त्याच टेबलावर, आणि मग कोणी उठवायला येणार नाही.

९ एप्रिल

दिवसभर वाचलं. जुन्या गाड्यांचे शौकीन या प्रश्नावर एकमेकांच्या उरावर बसतात. अर्धे म्हणतात लावाच, अर्धे म्हणतात अजिबात नको. जळगावचं ऊन मात्र त्यातल्या एकालाही माहीत नाही.

एवढं कळलं — तेल गार असणं चांगलं, हे खरं नाही. ते चांगलं तापायलाच हवं, नाहीतर त्यात वाफेचं पाणी साठून राहतं. जानेवारीत एका गाडीचं झाकण उघडलं तर आत ताकासारखं पांढरं होतं, ते हेच. शिवाय कूलर म्हणजे आणखी दोन नळ्या, आणखी चार जोड, प्रत्येक जोड गळणारा. आणि तो पत्रा! इतकी वर्षं टिकलेला. एकदा कापला की कापला.

पहूरला आईला फोनवर सांगितलं. ती हसायलाच लागली. "आपण पंख्याखाली झोपतो अन् गाडीले कूलर! मंग वाळ्याचे पडदेबी लाव म्हणा." मग एकदम गंभीर होऊन — "तुलेच इचारलं का? पोरं व्हती तरी?" हो आई, मलाच.

११ एप्रिल

मोजलं!! वाचत बसण्यापेक्षा हेच आधी करायला हवं होतं. तेलाची पट्टी काढून त्या भोकातून तापमानाची तार आत सोडली, मीटर मांडीवर. दुपारी, डांबर चिकटत होतं तेव्हा, भाऊंनी गाडी एरंडोलपर्यंत नेली आणि आणली. मी आकडे वाचत होते. तेल शंभराच्या आसपास जाऊन थांबलं. पुढे हललंच नाही. प्रेशर झकास.

"मग?"

"कूलर नको, भाऊ."

"नक्की?"

"नक्की."

कुंदनने आज मॅडम म्हटलं नाही. नुसतं "चहा घे" म्हणाला.

१२ एप्रिल

नाना गाडी न्यायला आले. सोबत नूतन. ती नेहमी त्यांच्याशेजारी असते. मी सांगितलं, कूलर नको. नाना जरा हिरमुसले, पण म्हणाले, "तू शिकेल पोरगी हाय. तू म्हणती तं नको." माझी तार मी आतच ठेवली, मीटर नूतनला दिला. लक्ष ठेव म्हटलं.

किती छान वाटतंय. झोप येत नाहीये!

१५ एप्रिल

गाडी टेम्पोत घालून आणली.

रावेरहून जळगावला येताना फैजपूरच्या पुढे प्रेशरची सुई खाली गेली. नूतन ओरडली म्हणून नानांनी इंजिन बंद केलं, म्हणून वाचलं. तेल एकशे तीसच्या वर होतं — तिने मीटरचा फोटो काढून ठेवलाय.

भाऊ मला रागावले असते तर बरं झालं असतं. नानांकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरगी नवी शे, नाना. मी बठ्ठं नीट करी देतो." खडूने पुढच्या पत्र्यावर दोन चौकोन आखले. सोमवारी कापायचं.

१६ एप्रिल

टेबल. फोन. एस्टिमेट.

१७ एप्रिल

पण का? इंजिन तेच. तेल तेच. ऊनही तेच. एकशे तीस आणि शंभर — एवढा फरक कशाने? राग बाजूला ठेवून विचार केला तर एकच गोष्ट वेगळी आहे. चालवणारा.

भाऊंना म्हटलं, कापण्याआधी मला एकदा नानांच्या शेजारी बसू द्या. भाऊंनी वैतागून हात झटकला. त्याला मी हो समजले.

१८ एप्रिल

कळलं.

नानांना बोलावून घेतलं, ते नूतनसोबत आले. ताजं तेल घालून भुसावळ रस्त्याला निघालो. नूतन वर्कशॉपमध्येच थांबली, गाडीत जागाच दोघांची. नानांनी पहिला गिअर टाकला, दुसरा, तिसरा... आणि बस. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, इंजिन किंचाळतंय, नाना तिसऱ्यातच! मीटर चढतोय. एकशे दहा, एकशे पंधरा.

मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढलेली पोरगी. मला एका क्षणात दिसलं. ट्रॅक्टरवर असंच करतात! कामाप्रमाणे गिअर निवडायचा, टाकायचा, आणि वावर संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नानांनी आयुष्यभर तेच केलंय. एवढ्या देखण्या गाडीने ते रावेर ते जळगाव नांगरत येतात!

इतकं हसू आलं. म्हटलं, "नाना, चौथा टाका ना."

"कशाले? चालू राह्यली ना चांगली."

"वेग हाच ठेवा. इंजिनाला आराम पडेल."

काही नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा भडकले. "तुह्या बापाचा जन्म नव्हता तवापासून ट्रॅक्टर हाकतो मी! मले गिअर शिकवती?" आणि तेवढ्यात गाडी डावीकडे ओढली गेली. कलिंगडाची हातगाडी होती. मी ओरडले. हातभर अंतर राहिलं असेल. गाडीवाला शिव्या देत राहिला.

नानांनी पुढे निंबाखाली गाडी उभी केली. मग अगदी हळू — "चौथ्यात पळते वं माय ही. पळाली का मले दिसत नाही. डाव्या डोळ्यानं तं काहीच नाही."

मोतीबिंदू. दोन वर्षं झाली. डॅशबोर्डवरच्या सुया नूतन वाचून सांगते, तिला वाटतं आजोबांना गंमत वाटते म्हणून विचारतात. "पोरायले कळलं तं ही गाडी गेली, ट्रॅक्टरबी गेला. मंग मी वट्यावर बसू? कोनाले सांगू नको."

परत येताना गाडी मी आणली. चौथ्यात. तेल हळूहळू उतरलं, शंभरावर आलं.

१९ एप्रिल

भाऊंना अर्धंच सांगितलं. नाना तिसऱ्यातच चालवतात एवढं. भाऊ खदखदून हसले. "मग ते बदलतील का? या वयात? कूलर लाव आणि मोकळी हो. गिऱ्हाईक खूश, आपण खूश." आणि वरवर पाहता तेही खरं आहे. कूलर लावला तर तिसऱ्यातसुद्धा तेल गार राहील. काम होईल. माझी लाज राहील, नानांचीही राहील.

फक्त एवढंच — आत्ता नानांना रस्त्यावर कोण थांबवतंय? तापलेलं तेल! बाकी कोणाला काही ठाऊक नाही. ते तेल गार केलं की नाना थेट धुळ्यापर्यंत जातील. दीडशे किलोमीटर. हायवेचे ट्रक, लग्नाच्या गाड्या, आणि डाव्या बाजूला नूतन बसलेली.

तो कूलर मी बसवू शकत नाही. पण नानांना दिलेला शब्दही मोडायचा नाही. कोणाला सांगणार नाही असं मी म्हणाले नव्हते, पण गप्प राहिले होते, ते तसंच झालं.

२० एप्रिल

रविवार. रावेरची बस धरली. कोणाला न सांगता.

नाना केळीच्या बागेत होते, पाण्याच्या नळ्या बघत. मला पाहून म्हणाले, "भांडाले आली का?" म्हटलं, हो.

मी काही फार शहाणपणाचं बोलले नाही. म्हटलं, नाना, मी उद्या पत्रा कापणार नाही. भाऊंनी कुंदनला कापायला लावला तर मी भाऊंना सगळं सांगेन. ही धमकी आहे. आणि मग रडू आलं, ते यायला नको होतं.

नाना गोंधळले. "अवं, रडती कायले? डोळे माझे खराब हायेत!"

मग आम्ही दोघं हसलो. मग नीट बोललो. भीती ऑपरेशनचीच आहे. वाडीतल्या कुणाचा तरी डोळा फार पूर्वी बिघडला होता. मी म्हटलं, नाना, तुम्ही चाळीस वर्षं बंद पडलेलं इंजिन उघडायला दिलंत, तेव्हा भीती नाही वाटली? "ते दुसऱ्याचं व्हतं," म्हणाले. पण विचारात पडले.

शेवटी ठरलं ते असं. डोळ्याचं ऑपरेशन करायचं. नूतनला सांगायचं, नानांनी स्वतः. मुलांना ऑपरेशन झाल्यावर. डॉक्टर हो म्हणाले तर गाडी नाना नेतील, आणि त्याआधी चौथा गिअर मी शिकवीन. नाही म्हणाले तर नूतन दुसऱ्या गाडीने जाईल आणि लाल गाडी धुळ्याला जाणार नाही.

"अन् पत्रा कापू नको हे भूपेंद्रले कधी सांगू?"

"आत्ताच, नाना. उद्याच्या आधी."

त्यांनी माझ्यासमोर भाऊंना फोन लावला. "भूपेंद्र, पत्र्याले हात लावू नको. पोरीनं नाही म्हटलं." भाऊ तिकडून काहीतरी ओरडत होते. नानांनी फोन ठेवून दिला.

२१ एप्रिल

भाऊ सकाळपासून घुश्श्यात. कुंदनने विचारलं, "नानांवर काय जादू केली?" मी ओला फडका घेऊन पत्र्यावरचे खडूचे चौकोन पुसले. पुसताना भाऊंनी पाहिलं.

दुपारी माझ्या टेबलावर एक हेडगॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखाली बसतं ते, आणून ठेवलं. "हे जळेल शे का, बघ." बस, एवढंच!

२८ एप्रिल

नानांना आज स्टँडवरून लाल गाडीत घातलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गाडी मी चालवली. नूतन माझी स्कूटी घेऊन मागे. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. हिरवी पट्टी लावून बाहेर आले आणि पहिलं हे विचारलं, "गाडी सावलीत लावली ना?"

भरती करताना खिडकीतल्या बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

म्हटलं, मेकॅनिक.