सप्टेंबरात स्वस्त असतं

अहो,

बत्तीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही. एकाच घरात राहत होतो, लिहिणार कधी? आज लिहितेय, कारण काल मेघाचा फोन आला आणि तेव्हापासून मी कुणाशी धड बोललेली नाही. बोलायचं ते तुमच्याशीच आहे.

मी हवाईला आलेय. एकटी. हिलो गावातल्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसलेय. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात आणि आपली तिकिटं होती सप्टेंबरची. आपली मेघा म्हणाली, "आई, फरगेट द टिकेट्स. एडिसनच्या घरीच राहा, मी येते." तरी निघाले. दाराशी तुमचे बूट तसेच आहेत. त्यांच्यासमोर आणखी एक आठवडा काढवला नसता.

विमानात तुमची ती युक्ती! एक खिडकीची, एक कडेची जागा घ्यायची, म्हणजे मधली कुणी घेत नाही. दर वेळी कुणीतरी आडदांड माणूस मध्ये येऊन बसायचा आणि तुम्ही त्याच्या पोटावरून मला चकल्या द्यायचात. या वेळी मधली जागा रिकामी राहिली. पहिल्यांदाच! आणि तिच्यापलीकडची तुमचीही.

लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा मी सातवी शिकलेली. लायब्ररीतली प्रवासाची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचत इंग्रजी शिकले. कुठे कधी जावं, काय स्वस्त, सगळं वहीत उतरवायचे. तुम्ही चारचौघांत सांगत सुटायचात, "आमच्या घरात गाइड आहे." मीही फुशारले होते. नसते शिकले तर बरं झालं असतं का हो?

जानेवारीत तुम्ही म्हणालात, "फेब्रुवारीत हवाईला जाऊ."

"फेब्रुवारीत? सगळ्यात महाग! सप्टेंबरात स्वस्त असतं, पुस्तकात लिहिलंय."

"एकदा महागात जाऊ की गं."

"सप्टेंबरपर्यंत काय बेट बुडणार आहे?"

तुम्ही चहा ढवळत राहिलात. मग म्हणालात, "बरं. गाइड म्हणेल तसं."

काल मेघाने तुमचे डॉक्टरकडचे कागद बघितले. फोनवर आधी नुसतीच रडत होती. मग म्हणाली, "आई, बाबांना माहीत होतं. सिन्स जॅन्युअरी." हृदयाचं डॉक्टरांनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. मला म्हणालात, गॅस झालाय. मी ओवा देत राहिले. सात महिने ओवा! आणि तुम्ही तो निमूट चावत राहिलात!

का नाही बोललात? एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच दिवशी बॅगा भरल्या असत्या. की माझा चेहरा बघवला नसता तुम्हाला? ओरडायचं होतंत माझ्यावर. कधी आवाज चढवला नाहीत, याचं मी जन्मभर कौतुक केलं. आज त्याचाच राग येतोय.

आज सकाळी बाजारात पपई घ्यायला गेले. आपल्याकडे काकू म्हणतात तसं इथे मोठ्या बाईला सगळे आँटी म्हणतात. विकणारीने विचारलं, "जस्ट वन, आँटी?" माझ्या तोंडून "टू" निघून गेलं. दोन्ही घेऊन थांब्यावर बसले. ज्वालामुखीकडे जाणारी बस आली. इथे बसला तिकीटच नाही, किती खूश झाला असतात! ड्रायव्हर दार उघडून थांबला. मला उठताच येईना. हातानेच त्याला जा म्हटलं.

मग समुद्राजवळ गेले. पाणी निळं आहे, झाडं हिरवीगार. पुस्तकात लिहिलंय तस्सं. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आता परत जाण्याची तारीख बदलून मिळेल का, ते विचारायला फोन हातात घेतला होता. मग ठेवला, आणि हे लिहायला बसले.

अजून चार दिवस आहेत. उद्या बस आली की मी चढेन. ज्वालामुखी बघेन, काळ्या वाळूचा किनारा बघेन, माझ्या वहीत तुम्ही जिथे जिथे खूण केलीत ते सगळं बघेन. आवडेल, असं वचन देत नाही. तुम्हाला माफ करेन असंही नाही, आणि स्वतःला तर नाहीच. पण बघेन. तुम्हाला फेब्रुवारीत जे बघायचं होतं, ते आपल्यातल्या एकाने तरी बघायला हवं.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
सुमन